रजेचे वर्ष



वसंत व्याख्यानमालेत इतिहासावर बोलायला जो उभा राहतो, तो बहुधा गडकिल्ल्यांविषयी, तहांविषयी किंवा ताम्रपटांविषयी बोलतो. आम्हांला त्यांतले काही येत नाही. आमचे शिक्षण रात्रशाळेत सुरू झाले आणि पुढचे सारे कारखान्याच्या फाटकाबाहेर झाले. गेली तीस वर्षे आम्ही कामगार संघटनेचे काम करीत आहोत. या काळात आमच्या हाताखालून गेलेले दस्तऐवज म्हणजे हजेरीपट, पगारपावत्या, करारनामे आणि रजेचे अर्ज. त्यांतल्याच एका कागदाचा इतिहास आज सांगण्याचा विचार आहे. विषय आहे कामगाराची भरपगारी वार्षिक रजा, आणि त्यातही एक अगदी क्षुल्लक दिसणारा प्रश्न: रजेचे वर्ष सुरू कोणत्या दिवशी होते?

आपण म्हणाल, हा काय प्रश्न झाला? वर्ष एक जानेवारीला सुरू होते. पण जरा आठवून पाहा. आपण गुढी उभारतो ती चैत्र शुद्ध प्रतिपदेला. पेठेतला व्यापारी नवी वही पुजतो दिवाळीत. सरकारचे हिशेबी वर्ष १८६७ सालापासून एक एप्रिलला सुरू होते. मुलांच्या शाळेचे वर्ष जूनमध्ये, आणि शेतकऱ्याचे मृगाच्या पावसाबरोबर. गिरणीत काम करणाऱ्या कोकणी माणसाला विचारले, तर तो शिमगा आणि गणपती या दोन खुंट्यांवर आपले वर्ष टांगून ठेवीत असे. म्हणजे वर्षाचा पहिला दिवस काही आकाशातून पडत नाही. हिशेब ठेवणारा तो ठरवितो. आणि म्हणूनच, ज्याच्या रजेचा हिशेब व्हायचा, त्याने हा दिवस कोणी ठरविला आणि का ठरविला, हे विचारले पाहिजे.

रजा हा शब्दच पाहा. तो अरबीतून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. त्याचा मूळ अर्थ संमती, परवानगी. आजही पाहुणा उठताना ‘रजा घेतो’ म्हणतो, तेव्हा तो यजमानाची परवानगीच मागत असतो. सुट्टी हा शब्द मात्र ‘सुटणे’ या आपल्या घरच्या क्रियापदाचा. रजा दुसरा देतो, सुट्टीत आपण सुटतो. गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत कामगाराने जी धडपड केली, ती परवानगीचा हक्क करण्याची धडपड होय. ती कशी झाली, ते क्रमाने पाहू.

मुंबईच्या गिरण्यांत सुरुवातीला ना रजा होती ना ठरलेली सुट्टी. दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम चाले. १८८१ साली हिंदुस्थानात कारखान्यांचा पहिला कायदा झाला, त्याने सात ते बारा वर्षांच्या मुलांना महिन्यातून चार सुट्ट्या दिल्या. मोठ्या माणसाच्या विश्रांतीविषयी त्या कायद्यात अक्षर नव्हते. अशा वेळी नारायण मेघाजी लोखंडे पुढे आले. ते महात्मा फुल्यांचे सत्यशोधक सहकारी आणि ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक. १८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. त्या अर्जातील मागण्या आज वाचल्या तर त्यांचा साधेपणा मनाला लागतो. आठवड्यातून एक दिवस, रविवारी, सुट्टी असावी; दुपारी अर्धा तास विसावा मिळावा; काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे; मागल्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा; आणि कामावर जखमी झालेल्या माणसाला बरे होईपर्यंत पगार व जन्माचे अपंगत्व आल्यास काही तरतूद मिळावी. एवढेच.

या एवढ्याशासाठी सहा वर्षे गेली. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. त्या सभेत दोन स्त्री-कामगारही बोलल्या, हे विसरता कामा नये. त्यानंतर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी साप्ताहिक सुट्टी मान्य केली, आणि १८९१ च्या कायद्याने आठवड्याची सुट्टी सर्वच कारखाना कामगारांसाठी लिहून ठेवली. आज आपण रविवारी उशिरा उठतो, ती परंपरा कोण्या साहेबाच्या कृपेने आली असे पुष्कळांना वाटते. ती परळच्या कामगारांच्या सह्यांनीही आली आहे.

पण या विजयात एक गोष्ट राहून गेली. आठवड्याची सुट्टी मिळाली, ती पगाराविना. जो दिवसाच्या किंवा कामाच्या मापाने मजुरी घेई, त्याच्यासाठी रविवार म्हणजे चूल थंडावणारा दिवस होता. यातून आमच्या चळवळीने जो धडा घेतला तो असा: पगाराशिवायची सुट्टी ही गरिबाला विश्रांती वाटत नाही, ती त्याला शिक्षा वाटते. विश्रांती आणि मजुरी यांची गाठ बांधल्याशिवाय विश्रांतीचा हक्क पुरा होत नाही. ही गाठ बांधायला आणखी पंचावन्न वर्षे लागली.

मधल्या काळात कामगार गावी जात नव्हता काय? जात होता. रत्नागिरीचा, साताऱ्याचा माणूस लग्नसराईला, पेरणीला, आजारी आईला भेटायला जाणारच. पण त्याचे जाणे म्हणजे रजा नव्हे, तो खाडा. गिरणीच्या भाषेत न सांगता किंवा न मिळता झालेल्या गैरहजेरीला खाडा म्हणत. खाडा पडला की साचा दुसऱ्याच्या हाती जाई. परत आल्यावर आपली जागा मिळेल की नाही, हे जॉबरच्या मर्जीवर अवलंबून असे, आणि मर्जीला किंमत पडे. कोणी गावाहून तांदूळ आणी, कोणी कोंबडी आणी, कोणी रोख पैसे मोजी. म्हणजे पगार तर बुडेच, वर परतीचा कर द्यावा लागे.

या गोष्टीची दखल हिंदुस्थानातील मजुरांसंबंधीच्या शाही कमिशनने घेतली. १९२९ साली नेमलेल्या या कमिशनचे अध्यक्ष व्हिटले होते, आणि आपले नारायण मल्हार जोशी त्याचे एक सभासद. १९३१ साली त्यांचा अहवाल आला. कामगाराची गावाशी असलेली नाळ तोडू नका, उलट तिला नियमित रूप द्या. त्याला ठराविक मुदतीची रजा मागायला उत्तेजन द्या, वेळेवर परतला तर जुनी जागा मिळेल असे वचन द्या, आणि शक्य तेथे रजेच्या काळात काही भत्ताही द्या, असा त्या शिफारशींचा आशय होता. शिफारस चांगली होती, पण ती शिफारसच. १९३५ साली मुंबईच्या गिरणीमालकांनी बदली कामगारांना कार्डे देण्याची पद्धत सुरू केली. रोज सकाळी कार्ड घेऊन गिरणीच्या दारात उभे राहायचे आणि खाडे पडले असतील तर आत जायचे. जॉबरच्या मर्जीला त्याने थोडा आळा बसला. रजेचा प्रश्न मात्र तसाच राहिला. एकाचा खाडा ही दुसऱ्याची भाकरी, हे आमच्या धंद्यातले जुने दुःख आहे.

त्याच सुमारास जगात वारे फिरले होते. १९३६ च्या जूनमध्ये फ्रान्समध्ये मोठ्या संपानंतर लेओं ब्लूम यांच्या सरकारने कायदा करून कामगारांना वर्षाला पंधरा दिवसांची भरपगारी रजा दिली. तेथील कितीतरी कुटुंबांनी त्या उन्हाळ्यात आयुष्यात प्रथमच समुद्र पाहिला. त्याच महिन्यात जिनीव्हात आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेने भरपगारी रजेचा बावन्नावा करार संमत केला. एक वर्षाच्या अखंड नोकरीनंतर निदान सहा दिवसांची भरपगारी रजा, हे त्याचे सार. त्यात एक फार शहाणपणाचे कलम होते: हा रजेचा हक्क सोडून देण्याचा कोणताही करार रद्दबातल समजावा. हे कलम आपण लक्षात ठेवावे, कारण पुढे आम्हांला त्याची लाज वाटून आठवण झाली, ती हकीकत यायची आहे.

हिंदुस्थानात हे काम डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हातून झाले. १९४२ च्या जुलैपासून ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. त्यांच्या काळात १९४५ साली कारखान्यांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन भरपगारी रजेचे नवे प्रकरण घातले गेले, आणि १ जानेवारी १९४६ पासून ते अमलात आले. बारमाही चालणाऱ्या कारखान्यातील प्रौढ कामगाराला बारा महिन्यांच्या अखंड नोकरीनंतर दहा दिवसांची आणि मुलांना चौदा दिवसांची भरपगारी रजा. दहा दिवस ही आजच्या मानाने काय गोष्ट आहे, असे वाटेल. पण ज्याच्या बापजाद्यांनी गावी जाण्यासाठी जॉबरपुढे हात जोडले, त्याला सरकारी छापील कागदावर ‘पगारासह’ हा शब्द वाचायला मिळाला, त्याचे मोल दहा दिवसांत मोजता येत नाही. मजुरीची आणि विश्रांतीची गाठ त्या दिवशी बांधली गेली.

आता आपण आमच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. १९४५ च्या कायद्यात वर्ष कोणते धरले होते? ज्याचे त्याचे. जो कामगार ज्या तारखेला कामाला लागला, त्या तारखेपासून त्याचे बारा महिने मोजायचे; ते अखंड पुरे झाले म्हणजे पुढल्या बारा महिन्यांत रजा घ्यायची. १९४८ चा मोठा कारखाने कायदा १ एप्रिल १९४९ पासून लागू झाला. त्याने दर वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस, पण निदान दहा दिवस, असे प्रमाण बांधून दिले. तथापि वर्ष मोजण्याची रीत तीच ठेवली. वरवर पाहता ही रीत सर्वांत न्याय्य. प्रत्येकाचा स्वतःचा पाडवा! पण कारखान्यात चार हजार माणसे असली, तर वर्षेही जवळजवळ तितकीच झाली. कोणाचे वर्ष सात मार्चला संपणार, कोणाचे एकोणीस ऑक्टोबरला. टाइमकीपरने ती कशी सांभाळावी आणि निरक्षर कामगाराने ती कशी पडताळावी? शिवाय ‘अखंड’ या शब्दात एक सुरी दडलेली होती. अकरा महिने भरले की माणसाला चार दिवस घरी बसवायचे आणि नव्याने घ्यायचे, म्हणजे त्याचे वर्ष कधी पुरे होतच नाही. ही युक्ती शोधायला फार मोठी बुद्धी लागत नाही.

म्हणून १९५४ साली कायदा बदलला. रजेचे वर्ष म्हणजे एक जानेवारीला सुरू होणारे बारा महिने, असे सर्वांसाठी ठरले. ज्याने त्या वर्षात २४० दिवस काम केले, त्याला पुढल्या वर्षी दर वीस दिवसांमागे एक दिवस रजा. वर्षाच्या मधेच लागलेल्या माणसाचे काय? त्याने उरलेल्या दिवसांपैकी दोन तृतीयांश दिवस काम केले तर त्यालाही त्याच प्रमाणात रजा. समजा, एखादा एक जुलैला लागला. वर्षाअखेर १८४ दिवस उरतात. त्यांपैकी १२३ दिवस भरले की तो हक्कदार. बाळंतपणाची ठराविक रजा, काम नसल्याने मालकाने दिलेली सक्तीची बैठक, मागल्या वर्षाची मिळकतीची रजा, हे दिवस २४० च्या भरतीत धरायचे. त्यांवर नवी रजा मात्र मिळायची नाही. उरलेली रजा तीस दिवसांपर्यंत पुढच्या वर्षी नेता येई. आणि रीतसर मागूनही नाकारलेली रजा असेल, तर ती पुढे न्यायला मर्यादाच नव्हती.

आम्ही या १९५४ च्या बदलाला फार मानतो. कारण त्याने वर्ष सर्वांना दिसेल अशा जागी आणून ठेवले. सगळ्यांचा हिशेब एकाच दिवशी बंद होणार आणि एकाच दिवशी उघडणार, म्हणजे यादी फळ्यावर लावता येते, शेजाऱ्याच्या आकड्याशी आपला आकडा ताडून पाहता येतो, चूक दहाजणांना मिळून दाखविता येते. एकट्याचे वर्ष एकट्यालाच सांभाळावे लागते. सामाईक वर्ष सर्व मिळून सांभाळतात.

पण सामाईक वर्षालाही एक कडा असते, आणि त्या कड्यावरून माणसे पडतात. आमचे वडील एका गिरणीत बदली कामगार होते. गिरणीचे नाव घेण्याचे कारण नाही. साठीच्या दशकातली गोष्ट. बाबांना अक्षरओळख बेताची, पण त्यांनी घरच्या भिंतीवर कोळशाने कामाच्या दिवसांच्या रेघा ओढून ठेवल्या होत्या, पाच-पाचाच्या जुड्या. त्या वर्षी डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात रेघा २३३ झाल्या. आणखी सात रेघा, म्हणजे पुढल्या वर्षी बारा दिवसांची भरपगारी रजा आणि शिमग्याला पगारासह गाव. त्यानंतर ते रोज पहाटे कार्ड घेऊन फाटकावर जात आणि रोज परत येत. त्यांना मुद्दाम घेतले नाही, की खरोखरच खाडे नव्हते, हे बाबांना कधी कळले नाही, आणि आम्ही आज कोणावर आरोप करणार नाही. पण ३१ डिसेंबर आला, आणि २३३ रेघांची किंमत शून्य झाली. एक जानेवारीला आईने भिंत सारवून काढली. बाबा पुढे आम्हांला म्हणत, “बाळा, काम मी केलं, पण वर्ष त्यांचं होतं.” संघटनेच्या कामात आम्ही पुष्कळ पुस्तके वाचली, या वाक्याइतके थोडक्यात कोणी सांगितलेले आमच्या वाचनात नाही.

असा बाप असूनही आमच्या हातून काय झाले, ते आता सांगतो. व्याख्यानात स्वतःच्या चुका सांगण्याची रीत नाही, पण इतिहास सांगायचा तर सगळा सांगावा.

काही वर्षांपूर्वी मुंबईबाहेरच्या एका कारखान्यात आम्ही करार केला. एकशेचाळीस कामगार. आठ महिने वाटाघाटी चालल्या. पगारवाढ मिळाली, आणि वार्षिक रजा अठरा दिवसांची एकवीस झाली. व्यवस्थापनाने शेवटच्या बैठकीत एक लहानशी विनंती केली: कंपनीचे सगळे हिशेब एप्रिल ते मार्च चालतात, तेव्हा रजेचे वर्षही येत्या एप्रिलपासून तसेच धरू, म्हणजे कारकुनांची दगदग वाचेल. आम्हांला त्यात काही वावगे दिसले नाही. आम्ही सही केली. फाटकावर सभा झाली, गुलाल उडाला, पेढे वाटले.

सभेनंतर यंत्रशाळेतले एक जुने कामगार जवळ आले. सगळे त्यांना काका म्हणत. पेढा त्यांच्या हातात तसाच होता. म्हणाले, “भाऊ, पेढा घेतला, तोंड गोड करतो. पण एक सांगा, जुनं वर्ष डिसेंबरला संपलं, नवं एप्रिलला सुरू होणार. मग जानेवारी, फेब्रुवारी, मार्च कुठं गेले?”

आम्ही घरी जाऊन हिशेब मांडला. तीन महिन्यांत सुमारे पंचाहत्तर दिवस काम. अठरा दिवसांच्या जुन्या मानाने पाहिले तर तीन महिन्यांची रजा साडेचार दिवस होत होती. कायद्याच्या विसाला एक या किमान मानानेही जवळजवळ चार दिवस. म्हणजे पहिल्या वर्षी आम्ही तीन दिवस मिळविले आणि चार घालविले. एकशेचाळीस माणसांचे पाचशेसाठ दिवस आमच्या एका सहीने कोणत्याच वर्षात न बसता हवेत राहिले होते. कायद्यात कॅलेंडर वर्ष स्पष्ट लिहिलेले, जिनीव्हाचे ते रद्दबातल करण्याचे कलम आम्ही कामगारांना शिकवीत असू, आणि सही करताना दोन्ही आठवले नाही. दिवस किती, हेच आम्ही पाहत बसलो. कोठून मोजायचे, हे पाहिलेच नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही फाटकावर उभे राहून चूक कबूल केली. मग पत्रे, बैठका, पुन्हा पत्रे. शेवटी चार महिन्यांनी कराराला पुरवणी जोडली गेली आणि प्रत्येकाच्या खात्यावर चार दिवस जमा झाले. व्यवस्थापनाने फसवावे म्हणून हे केले असे आम्ही म्हणणार नाही. त्यांच्या कारकुनानेही जानेवारी ते मार्चचा विचार केलेला नव्हता. मात्र त्या चार महिन्यांत दोन कामगार निवृत्त झाले होते. ‘हिशेब चुकता, काही येणे नाही’ अशा पावतीवर सह्या करून ते गेले होते. त्यांतले एक काका. आम्ही त्यांच्यासाठी दावा लावतो म्हणालो. काका म्हणाले, “राहू द्या भाऊ. बाकीच्यांना मिळालं ना?” आजही ते बाजारात भेटतात, मुलाबाळांची विचारपूस करतात. चार दिवसांचा विषय काढीत नाहीत. काढला असता तर बरे झाले असते, असे आम्हांला वाटते.

ही झाली कायम कामगारांची कथा. त्यांना निदान संघटना तरी होती. आज कारखान्यांतून कंत्राटी कामगार किती वाढले आहेत, हे आपण जाणताच. कंत्राट बहुधा सरकारी वर्षाप्रमाणे एप्रिलमध्ये बदलते. माणूस तोच, यंत्र तेच, अंगावरचा डगलाही तोच. छातीवरचे कंत्राटदाराचे नाव तेवढे बदलते. आणि त्याबरोबर त्याचे रजेचे वर्ष पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होते. नोकरी सुटताना साठलेल्या रजेचे वेतन चुकते केले पाहिजे, मग वर्षाची दिवसांची अट पुरी झालेली असो वा नसो, असे १९४८ च्या कायद्यातही सांगितले होते. पण ते मागण्यासाठी आपली नोकरी ‘सुटली’ हे माणसाला कळावे तर लागते! जो एकतीस मार्चला रात्रपाळी करून एक एप्रिलला त्याच फाटकातून पुन्हा आत जातो, त्याला आपले एक वर्ष तुटून दुसरे सुरू झाले हे कोण सांगणार? जुन्या ‘अखंड’ शब्दातली सुरी येथे नव्या म्यानात दिसते.

आता अगदी अलीकडचे. २०२० साली संसदेने जुने कायदे एकत्र करून कामगारांच्या सुरक्षिततेची, आरोग्याची व कामाच्या परिस्थितीची नवी संहिता केली, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती अमलात आणली. या संहितेतल्या बऱ्याच गोष्टींवर आमचे मतभेद आहेत. ते मांडण्याचे हे ठिकाण नव्हे. पण रजेच्या बाबतीत जे चांगले झाले ते चांगले म्हणावे. २४० दिवसांची अट १८० वर आली. मधेच लागलेल्याला दोन तृतीयांशाऐवजी उरलेल्या दिवसांचा चौथा हिस्सा पुरतो. म्हणजे आमच्या त्या एक जुलैच्या माणसाला १२३ ऐवजी ४६ दिवस. हे वाचले तेव्हा आम्हांला भिंतीवरच्या कोळशाच्या रेघा आठवल्या. २३३ रेघा! आज बाबा असते, तर सप्टेंबर-ऑक्टोबरातच निश्चिंत झाले असते. वर्ष मात्र एक जानेवारीचेच राहिले आहे, हेही ठीक झाले.

त्याच संहितेत आणखी एक तरतूद आहे: कामगाराने मागणी केल्यास वर्षअखेरीस शिल्लक रजेचे पैसे घेता येतात. ही तरतूद पुष्कळांना आवडेल, आणि गरजवंताला तिचा उपयोगही आहे. कोणाची मुलीच्या फीची अडचण असेल, कोणाचे घराचे छप्पर. तरीही आमचे मन कचरते. लोखंड्यांच्या वेळी विश्रांती होती पण मजुरी नव्हती. आता मजुरी घ्यायची आणि विश्रांती सोडायची, असे उलटे होऊ नये. पंचावन्न वर्षे खपून जी गाठ बांधली, ती दुसऱ्या टोकाने सुटली तरी सुटलीच. वर्षाच्या शेवटी पैसे मिळतात म्हणून माणूस वर्षभर रजा मागतच नाही; मग वरिष्ठांनाही सवय होते; आणि एखाद्याने खरोखर रजा मागितली की तो कामचुकार ठरतो. रजा पुन्हा परवानगी होऊन बसते.

आपण श्रोते बहुधा कारखान्यातले नाहीत; कोणी शिक्षक, कोणी बँकेतले, कोणी दुकानदार असाल. दुकाने-आस्थापनांच्या महाराष्ट्रातील २०१७ च्या कायद्यातही रजेचे हे गणित याच धर्तीवर मांडलेले आहे. म्हणून जाताना तीन साध्या गोष्टी सांगतो. आपल्या रजेचे वर्ष कोणत्या तारखेला सुरू होते, हे कार्यालयात विचारून घ्या आणि लिहून ठेवा. ते वर्ष बदलण्याची सूचना आली, तर मधल्या महिन्यांची रजा कोणत्या खात्यावर जमा झाली, हे आधी विचारा आणि मग सही करा. आणि रजा मागायची ती लेखी मागा, नाकारली तर नकारही लेखी घ्या. कारण तोंडी नाकारलेल्या रजेचा कोणत्याच वर्षात पत्ता लागत नाही. ज्यांच्या हाताखाली चार माणसे आहेत, त्यांना आणखी एक विनंती. हे प्रश्न तुमच्या माणसांनी विचारण्याआधी तुम्हीच त्यांना उत्तरे द्या. आपल्या घरी भांडी घासणाऱ्या बाईंच्या रजेचे वर्ष कधी सुरू होते, हेही एकदा स्वतःला विचारून पाहावे. तेथे कायद्याची वाट पाहण्याचे काही कारण नाही.

आजची ही सभा संध्याकाळी भरली आहे, आणि आपण आपल्या सुटलेल्या वेळात येथे येऊन बसला आहात. हा वेळ कोणीतरी, कधीतरी, सह्या गोळा करून मिळविलेला आहे. त्याचा हिशेब नीट ठेवणे एवढेच आता आपल्याकडे आहे. काकांनी विचारलेला प्रश्न आम्ही तेव्हापासून प्रत्येक कराराच्या पहिल्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवतो: मधले महिने कुठे गेले? त्याचे उत्तर मिळाल्याशिवाय आम्ही पेढे मागवीत नाही.

आता आपली रजा घेतो.